नाताळच्या ताटात करंजी कुठून आली?

डिसेंबर सरत आला की लातूरच्या आमच्या गल्लीत एक ताट घरोघर फिरतं. वर क्रोशाचा रुमाल, खाली करंज्या, शंकरपाळ्या, चार चकल्या, रव्याचा एक लाडू. कडेला, जागा उरली म्हणून ठेवल्यासारखा, केकचा तुकडा. आपल्याकडचे दिवाळीचे डबे घासूनपुसून माळ्यावर गेलेले असतात आणि दारात पुन्हा फराळ उभा. पाठवणाऱ्या काकू ख्रिस्ती. माझा पुतण्या लहान असताना एकदा ताटाकडे बघत म्हणाला, "काकूंची दिवाळी उशिरा येते का?"

सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. टीव्हीवरच्या नाताळात बर्फ पडतं, शेकोटीपाशी मोजे टांगलेले असतात, टेबलावर अख्खा भाजलेला पक्षी असतो. काकूंच्या नाताळात अंगणात कामट्यांची चांदणी, पेटीवर पाळणा, दुपारी मटणाचा रस्सा आणि भाकरी. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकाहूनही किंचित कमी होते. नांदेड-लातूरकडे तर त्याहूनही थोडे. इतक्या थोड्या घरांत एवढा दूरचा सण आला कसा आणि आल्यावर असा घरचा कसा झाला, हे त्या ताटापासून सुरुवात करून उलगडता येतं. पण आधी तारखेचं बघू, कारण पुतण्याचा प्रश्न मुळात तारखेचाच होता.

येळवस सरकते, नाताळ का सरकत नाही?

लातूरकडे डिसेंबर म्हटलं की मोठ्या माणसांना आठवते ती येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्ष अमावास्येला घराला कुलूप लावून अख्खं कुटुंब रानात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असं जेवण होतं. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले आग्रहाने बोलावतात. तिकडे नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा त्याच सुमाराला, अमावास्येच्या आदल्या तिथीपासून भरते. म्हणजे या दोन जिल्ह्यांतला गोतावळा जमण्याचा हंगाम मुळातच डिसेंबर-जानेवारीचा.

पण येळवस कधी नाताळाच्या आधी येते, कधी नंतर. असं का? चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस होतात साधारण ३५४. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. म्हणून तिथीवर चालणारा सण इंग्रजी कॅलेंडरवर दरवर्षी दहा-बारा दिवस मागे सरकतो. असाच सरकत राहिला तर येळवस एक दिवस पावसाळ्यात येईल आणि रानात चिखल तुडवत जेवावं लागेल! तसं होऊ नये म्हणून सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून पंचांग पुन्हा ऋतूच्या जागेवर आणतात. महिनाभर उधारीवर चालणाऱ्या गिऱ्हाइकाने पगाराच्या दिवशी सगळी बाकी एकदम चुकती करावी, तसा हा हिशेब.

चौकट: येळवस आणि नाताळ
२०२२: येळवस २३ डिसेंबरला, नाताळाच्या दोन दिवस आधी.
२०२३: अधिक श्रावण आला, म्हणून त्या मार्गशीर्षातली येळवस थेट ११ जानेवारी २०२४ला.
२०२४: दुसरी येळवस ३० डिसेंबरला.
२०२५: आणखी मागे, १९ डिसेंबरला.
नाताळ या सगळ्या काळात २५ डिसेंबरलाच.

नाताळ सरकत नाही, कारण तो चंद्राकडे बघतच नाही. तो रोमन सौर कॅलेंडरला बांधलेला आहे. ख्रिस्ती सण सगळेच असे नसतात. ईस्टर आपल्या सणांसारखाच फिरता: वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार. काकूंना ईस्टरची तारीख दरवर्षी बघावी लागते, नाताळाची नाही.

मग २५च का? बायबलमध्ये ख्रिस्तजन्माची तारीख दिलेलीच नाही. रोममध्ये २५ डिसेंबरची नोंद सापडते ती ३५४ सालच्या एका दिनदर्शिकेत. तो दिवस निवडण्यामागे काय असावं, याची दोन उत्तरं अभ्यासक देतात. एक असं की ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात २५ डिसेंबर हाच वर्षातला सर्वांत लहान दिवस मानला जाई. त्यानंतर दिवस वाढू लागतो, आणि रोमन लोक तो सूर्याचा जन्मदिवस म्हणून पाळत. दुसरं असं की मरीयेला गर्भधारणा २५ मार्चला झाली असं मानून तिथून सरळ नऊ महिने मोजले. दोन्ही उत्तरांत सूर्य आहेच, कारण २५ मार्च हा त्या जुन्या कॅलेंडरातला वसंतसंपाताचा दिवस.

इथे आपल्या संक्रांतीची आठवण यावी. तीही मुळात उत्तरायणाची खूण. आज खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो; आपली संक्रांत ताऱ्यांवरून मोजली जाते, म्हणून साधारण बहात्तर वर्षांत ती ऋतूच्या मानाने एक दिवस पुढे जाते. हिशेब उलटा लावला तर सुमारे १,७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी येत होते. म्हणजे रोममध्ये २५ डिसेंबरला नाताळ रुजत होता तेव्हा आपली संक्रांत त्याच आठवड्यात पडत होती. पुढे दोघी सख्ख्या बहिणींची लग्नं वेगवेगळ्या गावी व्हावीत तशी त्यांची पंचांगं वेगळी झाली.

नाताळाचं कॅलेंडरही चुकलं होतंच. सीझरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं होतं. अकरा मिनिटं म्हणजे एका चहाचा वेळ, पण शतकानुशतकं साचत गेल्यावर १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांना दहा दिवस गाळावे लागले. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. ज्या चर्चांनी ही दुरुस्ती स्वीकारली नाही, त्यांचा नाताळ आज ७ जानेवारीला येतो, रशियात उदाहरणार्थ. त्यांना विचारलं तर तेही २५ डिसेंबरच सांगतील, फक्त जुन्या कॅलेंडरचा.

उर्दू-हिंदीत या दिवसाला 'बडा दिन' म्हणतात आणि लहानपणी मला ते अजिबात पटत नसे. नांदेडला २५ डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. जूनमधला सव्वातेरा तासांचा. मोठा म्हणजे मानाचा, लांब नव्हे, हे कळायला वेळ लागला. आणि हेही की लंडनला त्या दिवशी उजेड आठ तासही टिकत नाही. तिकडे अंधाराला उतारा म्हणून दिवे, झाडं, भरपेट जेवण. आपल्याकडे उलट: वर्षातले सगळ्यात चांगले दिवस. हुरडा आलेला, तूर पिकत आलेली, बोरं-गाजरं-वाटाणे बाजारात. मराठवाड्याच्या नाताळात ती थंडीची धास्ती नाही, आणि माझ्या मते इथल्या सणाचा सूर तिथेच बदलतो.

लातूरपर्यंत पोर्तुगीज कसे पोहोचले?

ते पोहोचलेच नाहीत. त्यांचा शब्द पोहोचला. 'नाताळ' हा पोर्तुगीज 'नाताल', आणि त्याच्या मागे जन्माशी संबंधित लॅटिन शब्द. वास्को द गामाच्या जहाजांना १४९७च्या नाताळात आफ्रिकेचा जो किनारा दिसला, त्याचंही नाव त्याने नाताळच ठेवलं. गोवा, वसई, चौल या किनाऱ्यावरून पोर्तुगीज शब्द मराठीत शिरले आणि घाट चढून आत आले: पाव, साबण, चावी, पगार, बादली, घमेलं, पाद्री. देगलूरच्या गवंड्याच्या हातातलं घमेलं आणि काकूंचा नाताळ एकाच जहाजातून उतरले म्हणायचे.

माणसं मात्र दुसऱ्या वाटेने आली. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकात इथे मिशनरी आले ते मुंबई, अहमदनगर आणि हैदराबाद अशा बाजूंनी, आणि बहुतेक प्रोटेस्टंट. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१पासून होतं. जालन्याजवळ स्कॉटिश मिशनचे नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचं गावच वसवलं. हे शेषाद्री जन्माने ब्राह्मण, मराठी बोलणारे. बिदरला मेथडिस्टांचं काम होतं आणि आजच्या लातूर जिल्ह्यातलं उदगीर १९५६पर्यंत बिदर जिल्ह्यातच होतं. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत त्या मानाने अलीकडचा, १९७७चा.

धर्म बदलला तरी घर, आडनाव, भाषा आणि चूल तीच राहिली. पाहुण्यांशी मराठी ख्रिस्ती मंडळी 'सलाम' म्हणतात, चर्चला बोलताना सहज 'देऊळ' म्हणतात, उपदेशकाला 'पाळक'. काकूंच्या घरी 'देवळात जाऊन येते' हे वाक्य ऐकून नवा भाडेकरू हमखास गोंधळतो.

तेलातले बुडबुडे

आता ताटाकडे. नाताळच्या फराळाचं मुख्य काम टिकणं हे आहे. २४ तारखेपासून नव्या वर्षापर्यंत पाहुणे येत-जात राहणार. कोण कधी टपकेल याचा नेम नाही. प्रत्येकासाठी ताजं करायचं तर घरातली बाई स्वयंपाकघराबाहेर पडायचीच नाही. आणि टिकाऊ, डब्यात भरून ठेवण्यासारखं, कधीही पुढे करता येईल असं खाणं इथल्या घरांना शतकानुशतकं येतच होतं.

शंकरपाळी तेलात सोडली की भोवती बुडबुड्यांचा कल्लोळ होतो. ते तेल उकळत नसतं. तेल दीडशे अंशांच्याही पुढे तापलेलं असतं आणि पिठातलं पाणी शंभर अंशांनाच वाफ होऊन बाहेर पडतं. ते बुडबुडे म्हणजे ती वाफ. बुडबुडे मंदावले, आवाज बसला, की समजायचं पाणी संपत आलं. म्हणूनच जाणत्या बायका रंगाइतक्याच आवाजाकडे कान देतात. बुरशीला जगायला ओल लागते. ओलच नाही, तर ती डब्यात बसून करणार काय?

खुसखुशीतपणाचं रहस्य मोहनात. मैदा पाण्यात भिजवला की त्यातल्या प्रथिनांचे चिवट धागे तयार होतात. पोळी ताणली जाते ती त्यांच्यामुळे. पण कडकडीत तुपाचं मोहन आधी घातलं तर पिठाच्या कणाकणाला तुपाचा लेप बसतो, पाणी आत पोचत नाही, धागे आखूडच राहतात. आखूड धाग्याचा कपडा जसा ओढल्यावर फाटतो, तशी शंकरपाळी दाताखाली मोडते. मोहन पुरेसं झालं का, हे पिठाचा मुटका वळून बघायचं. जास्त झालं तर शंकरपाळी तेलातच विरघळते. हे ज्याच्या हातून एकदा झालंय त्याला पुन्हा सांगावं लागत नाही. माझ्या हातून दोनदा झालंय.

करंजीचं सारण कुठल्या मुलखातलं आहे यावर बदलतं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या गोडधोडाला 'कुस्वार' म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे करंजीच, आणि बरोबर दोदोल, बेबिंका असा नारळाच्या रसातला थाट. तिथे नारळ परसात. मराठवाड्यात खोबरं येतं ते सुकं. ते किसून, भाजून, रवा-पिठीसाखर-खसखस घालून भरलं की करंजी आठवडे टिकते. ओल्या नारळाची दोन-तीन दिवसांत वास मारू लागते. वसईकडच्या ख्रिस्ती घरांतले आंबवलेल्या पिठाचे फुगे तर त्याच दिवशी खायचे. एकाच सणाचं हे वेगवेगळं पाकशास्त्र हवा आणि झाडं ठरवतात.

पण ताटात फराळ असण्याचं आणखी एक कारण आहे आणि मला ते सर्वांत मोठं वाटतं. हे ताट शेजारी जायचं असतं. शेजारी माळकरी आहेत, जैन आहेत, मुसलमान आहेत. करंजी, चकली, लाडू यांत कुणाला 'चालत नाही' म्हणावं लागेल असं काही नाही. शंभर घरांत एक घर असलेल्या माणसाला सण साजरा करायचा तर उरलेल्या नव्व्याण्णवांच्या तोंडी लागेल असंच ताट करावं लागतं. काकूंच्या केकचेही म्हणूनच दोन प्रकार असतात, अंड्याचा आणि बिनअंड्याचा. ताटातला तुकडा कुठला, हे ताट घेऊन येणारी नात दारातच जाहीर करते.

भट्टी नसलेल्या घरातला केक

ओव्हन घरोघर आले ते अलीकडे. त्याआधी काकूंच्या सासूबाई केक करायच्या त्या जाड बुडाच्या पातेल्यात. तळाशी दोन ओंजळी मीठ किंवा धुतलेली वाळू, वर छोटी ताटली, तिच्यावर केकचं भांडं, झाकणावर निखारे. मीठ उष्णता निर्माण करत नाही. ते विस्तवाची आच अडवून सावकाश वर सोडतं, त्यामुळे बूड करपत नाही. झाकणावरचे निखारे वरून ऊब देतात. सगळीकडून सारखी, कोरडी, मंद आच मिळाली की झाला ओव्हन.

हेच तत्त्व हैदराबादी दमाचं. निजामी मुलखातल्या या भागात नाताळच्या दुपारी बिर्याणी शिजते तेव्हा हंडीच्या काठाला कणकेची वात लावून झाकण बंद करतात, खाली तवा, वर निखारे. फरक एवढाच, दमाला वाफ कोंडून ठेवायची असते आणि केकला ती थोडी जाऊ द्यायची असते. नानकटाई मात्र अजून पुष्कळ घरं पीठ-तूप-साखर घेऊन बेकरीत जाऊन भाजून आणतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भट्टीपुढे पत्र्यांची रांग लागते, आणि कुणाचा पत्रा कुणाकडे गेला यावरून भांडणही.

केक फुगतो तो हवेने. दही आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की वायू सुटतो, त्याचे बारीक बुडबुडे पिठात अडकतात, तापले की पसरतात, आणि तेवढ्यात भोवतालचं पीठ शिजून घट्ट होतं. पीठ शिजायच्या आत झाकण उघडलं की केक बसतो. ढोकळा करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

त्यातल्या रंगीत टुटीफ्रुटीकडे मी नेहमी कौतुकाने बघतो. ती बहुतेक कच्च्या पपईची असते. पपईचे तुकडे साखरेच्या पाकात मुरवतात. दाट पाक तुकड्यांतलं पाणी ओढून घेतो आणि साखर आत शिरते. मोरावळ्यात होतं तेच. उरलेलं पाणी साखरेने इतकं धरून ठेवलेलं असतं की जंतूंना ते पिता येत नाही. मनुकांनी भरलेला काळसर 'प्लम केक' आठवडे टिकतो तो याच कारणाने, आणि त्यात प्लम हे फळ नसतंच. जुन्या इंग्रजीत मनुकांनाच प्लम म्हणत. भारतातला पहिला नाताळचा केक १८८३ साली केरळात तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापू यांनी भाजला असं सांगतात. आणि पपई? तीही अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर आली, नावासकट. नाताळ आणि पपई एका तुकड्यात पुन्हा भेटतात.

दहा कामट्या आणि एक गव्हाण

चांदणीचा आकाशकंदील दिवाळीतही लागतो. नाताळात तिला अर्थ आहे: पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा तारा. घरी करायची तर बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. पाच एकमेकींवरून नेऊन टोकं बांधली की एक सपाट तारा. तसाच दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाची टोकं दोऱ्याने आवळायची. आता मधे, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे चार बोटं लांबीचे पाच टेकू दोन्ही ताऱ्यांच्या मधे उभे सारायचे. तारा फुगतो. खिळा नाही, डिंक नाही, तरी टेकू पडत नाहीत, कारण वाकलेल्या कामट्यांना सरळ व्हायचं असतं आणि त्या टेकूंना दोन्हीकडून दाबून धरतात. खळीने चिकटवलेला पातळ कागद ओला असताना सैल दिसतो. वाळला की त्याचे तंतू आकसतात आणि तो ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो.

खाली गोठ्याचा देखावा असतो. त्याची प्रथा असीसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी रूढ केली असं मानतात. खरा बैल, खरं गाढव, खरा चारा आणून त्याने अक्षरओळख नसलेल्या लोकांना गोष्ट डोळ्यांनी दाखवली. या देखाव्यात एक गंमत दडलेली आहे. मेंढपाळ येतात ते लूकच्या शुभवर्तमानात, ज्ञानी आणि तारा मत्तयच्या. मूळ मजकुरात त्यांची गाठच पडत नाही. बैल-गाढवाचा तर तिथे उल्लेखही नाही. लोकांनी दोन गोष्टी एका गोठ्यात बांधल्या.

बाळाला ठेवलं ती 'गव्हाण'. मुंबईच्या शाळेत हा शब्द समजावून सांगावा लागतो. इकडे पोरं गव्हाणीत सकाळी कडबा टाकूनच शाळेत आलेली असतात.

चाल कुणाची, शब्द कुणाचे

२४च्या रात्री कॅथलिकांची मध्यरात्रीची मिस्सा, २५च्या सकाळी प्रोटेस्टंट मंडळ्यांची उपासना. त्याआधी आठ-दहा दिवस तरुण पोरांचा गट पेटी-ढोलकी घेऊन घरोघर गात फिरतो. जिथे पोचेल तिथे चहा. दहाव्या घरी चहाला कुणी हात लावत नाही.

सुरुवातीला मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं त्याच विलायती चालींवर बसवली. ती बसली नाहीत. इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवावर जोर येतो, आणि चालीचा ठोका नेमका तिथे पडतो. मराठी छंदाचा हिशेब लघु-गुरूचा किंवा अक्षरसंख्येचा, जोराचा नाही. त्यामुळे विलायती चालीत 'प्रभू'चा 'प्राभू' होतो, 'कमळ'चं 'कामळ'. पोवाड्याचे शब्द आरतीच्या चालीवर म्हणून बघा, काय होतं ते कळेल.

यावरचं उत्तर फार आधीच एका इंग्रजाने शोधलं होतं. जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, मराठीत, दहा हजारांहून अधिक ओव्यांत. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगाच्या, पदांच्या आणि कीर्तनाच्या वळणाने ख्रिस्ती भक्तिगीतं लिहिली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात ती आजही गायली जातात. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. जन्माचं गाणं म्हटल्यावर मराठी कानाला पाळणाच आठवतो, म्हणून नाताळात पाळणे.

देवघेव एकतर्फी नव्हती. पेटी मूळची युरोपातली; मिशनऱ्यांनी ती इथे आणली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात तिला जमिनीवर बसून एका हाताने भाता मारण्याजोगं रूप मिळालं. आज तिच्याशिवाय गावातला भजनाचा फड उभा राहत नाही. देवळातल्या भजनाने चर्चची पेटी घेतली, चर्चने देवळातला अभंग, आणि दोघांच्याही लक्षात ते उरलं नाही.

घर भरतं तेव्हा

नाताळाला लातूर-नांदेडची ख्रिस्ती घरं एकाएकी भरतात. लेकरं पुण्याला, मुंबईला, हैदराबादला. लातूर एक्सप्रेस, नंदीग्राम, देवगिरी, तपोवन यांची आरक्षणं ऑक्टोबरातच संपलेली, कारण त्याच आठवड्यात इतरांच्याही सुट्ट्या. नांदेडला तर कधीकधी गुरू गोविंदसिंगांचा प्रकाशपर्वही याच दिवसांत येतो. २०२५ साली तो २७ डिसेंबरला आला. तोही तिथीचा सण, म्हणून दुसऱ्या वर्षी आणखी कुठे.

काकूंच्या घरी नाताळच्या सकाळच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात प्रीतिभोजन असतं, सगळ्या मंडळीने मिळून शिजवलेलं, पंगतीत बसून. घरचं जेवण मग दुसऱ्या दिवशी. त्यात पूर्वी पहिली पंगत जावई आणि नातवंडांची, दुसरी बायकांची असायची, आणि वर्षानुवर्षं यावर तरुण सुना कुरकुर करायच्या. गेल्या दोन वर्षांपासून एकच पंगत बसते. ३१च्या रात्री पुन्हा देवळात, सरत्या वर्षाचे उपकार मानायला. एकदा येळवस नाताळाला अगदी खेटून आली होती. ते २०१९ साल. २६ डिसेंबरला सकाळी सूर्यग्रहण होतं, आणि ग्रहण म्हणजे अमावास्या असणारच. त्या वर्षी काकूंकडचे पाहुणे आमच्या रानात जेवले. आंबील पिऊन पुण्याचा जावई दुपारी कोपीतच झोपला, त्याच्यासाठी ठेवलेली बिर्याणी रात्री खाल्ली.

आमच्या घरी नाताळचं ताट आलं की रिकामं परत जात नाही. पण त्या आठवड्यात घरात द्यायला काही नसतं, म्हणून आई ताट धुऊन फळीवर उभं करते. ते तिथेच राहतं, क्रोशाचा रुमाल घडी घालून वर. १४ जानेवारीला तिळाचे लाडू वळून झाले की त्यातले पहिले पंधरा त्या ताटात जातात आणि पुतण्या, आता कॉलेजात असला तरी, ते घेऊन काकूंच्या दारात उभा राहतो.